लेप, फराटे आणि खारा वारा

इ. स. २०२४ च्या जानेवारी महिन्याच्या १२ व्या तारखेस शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या सागरी सेतूचें उद्घाटन झालें. सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या या सेतूचा १६.५ किलोमीटर भाग समुद्रावरून जातो. पूर्वीं ज्या मोटारी वाशीच्या पुलावरून वळसा घेऊन उरण-पनवेलकडे येत, त्यांपैकीं पुष्कळ आतां भर समुद्रावरून धांवतात. प्रवाशास यांत वेळेची बचत दिसते. पण मोटारीच्या रंगास खाऱ्या वाऱ्याचा सहवास अधिक घडूं लागला, ही गोष्ट त्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. बॉनेटवर पांढुरका, चिकट थर दिसूं लागला म्हणजे मग ती ध्यानांत येते, आणि बाजारांतून फवाऱ्याची बाटली आणली जाते.

या बाटलींत सीलंट या नांवानें ओळखला जाणारा एक पातळ द्रव असतो. तो पत्र्यावर फवारावा, फडक्यानें पुसावा, म्हणजे रंगावर एक पारदर्शक रक्षक लेप बसतो व त्यावरून पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावें तसें घरंगळून जातें, अशी त्याची ख्याति आहे. काम घटकाभराचें दिसतें. परंतु सायंकाळच्या तिरप्या उन्हांत गाडी पाहावी तों पत्र्यावर फडक्याच्या फेऱ्यांचे फराटे, कोठें ओघळाची रेघ, कोठें तेलकट इंद्रधनुष्याची झांक! द्रव चांगला नव्हता अशी समजूत करून घेऊन गृहस्थ दुसरी, अधिक किंमतीची बाटली आणतो, आणि या खेपेस पहिल्यापेक्षां अधिक फवारतो. फराटेहि अर्थातच अधिक उमटतात.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत गाडी पुसण्याचा विषय कशाला, असें आमच्या एखाद्या वाचकास वाटेल. आमचें उत्तर असें कीं, या लहानशा गाऱ्हाण्यामागें एक दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग याच किनाऱ्यावर घडलेला आहे. मनुष्यानें लांकूड, तांबें, लोखंड यांवर नाना प्रकारचे लेप चढविले. प्रत्येक युगांत त्यास प्रथम वाटलें कीं, लेप जितका जाड तितकें रक्षण अधिक. आणि प्रत्येक युगांत अनुभवानें त्यास उलट धडा दिला. लेप बिघडतो तो बहुधा अधिकपणामुळें आणि उतावळेपणामुळें, कमतरतेमुळें क्वचितच. हा एक धडा पुनःपुन्हां कसा विसरला गेला व पुनःपुन्हां कसा शिकावा लागला, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

न्हावा आणि शेवा हीं मुळांत दोन निरनिराळीं गांवें. मुंबई बंदराच्या पूर्वेकडील अंगास, घारापुरीच्या समोरच्या किनाऱ्यावर, खाडी व कांदळवन यांच्या सान्निध्यांत तीं वसलेलीं. न्हावा पनवेल तालुक्यांत मोडतें, शेवा उरण तालुक्यांत. मासेमारी, खारजमिनींतील भात आणि मिठागरें यांवर या टापूची उपजीविका चाले. न्हावा येथें ‘टी. एस. रहमान’ ही खलाशांना शिक्षण देणारी जुनी संस्था आहे. २६ मे १९८९ या दिवशीं येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि दोन गांवांचीं नांवें जोडून झालेलें ‘न्हावा-शेवा’ हें एकच नांव जगभरच्या जहाजी कागदपत्रांत रूढ झालें. आज तेथें पोलादी पेट्यांचे डोंगर दिसतात. परंतु त्यापूर्वीं शतकानुशतकें या पाण्यांत लांकडाच्या होड्या, मचवे व पडाव फिरत होते, आणि लेपाचा प्रश्न पहिल्यानें पडला तो त्यांच्या मालकांना.

खाऱ्या पाण्यांतील लांकडास शत्रु पुष्कळ. तळाला कालवें व तत्सम चिकटणारे जीव बसतात, त्यांनीं होडी जड होते. लांकूड पोखरणारा सागरी किडा आंतून भोकें पाडतो. पाण्यावरचा भाग उन्हानें तडकतो. यावर किनाऱ्यावरील लोकांनीं शोधिलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे तेल. तेराव्या शतकांतील प्रवासी मार्को पोलो यानें होर्मूझ येथील जहाजांचें वर्णन करितांना, तीं डांबरानें न माखतां मासळीच्या तेलानें चोळतात असें लिहून ठेविलें आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरहि मुशीसारख्या मोठ्या माशांच्या काळजाचें तेल काढून तें होड्यांना चोपडण्याचा प्रघात होता. त्याचा दर्प ज्यानें एकदां घेतला त्यास तो जन्मभर विसरत नाहीं; पण तो दर्प ही रक्षणाची किंमत होती.

या तेलाचा एक गुण लक्षांत घेण्यासारखा आहे. जवसाचें तेल काय किंवा मासळीचें तेल काय, तें पाण्यासारखें उडून सुकत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून त्याचे कण एकमेकांस जखडले जातात आणि त्याचा एक घट्ट पापुद्रा बनतो. प्राणवायु वरून आंत शिरावयाचा असल्यामुळें पातळ हात असेल तर सर्व तेल सारखें सुकतें. जाड थर दिला तर वरचा पापुद्रा आधीं धरतो, खालचें तेल कोंडलें जाऊन चिकट राहतें. भाकरी वरून करपावी आणि आंत कच्ची राहावी, तशांतला प्रकार! मग त्या चिकट थरावर वाळू बसते, धूळ बसते, आणि रक्षणासाठीं लावलेला लेप स्वतःच घाण धरून ठेवूं लागतो. म्हणून तेल चोळून जिरवावयाचें, आणि जें जिरणार नाहीं तें चिंधीनें टिपून घ्यावयाचें, असा जाणत्या हातांचा नियम.

ऋतूचाहि नियम होता. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. आश्रयाला ठेविलेली होडी खरवडली जाते, गोड्या पाण्यानें धुतली जाते, वाळूं दिली जाते. फटींत कापूस भरला जातो. आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून ती पाण्यांत जाण्यापूर्वीं तिला लेप दिला जातो. ओल्या किंवा खारट लांकडावर लेप देणें म्हणजे आंत पाणी कोंडून बाहेरून दार लावण्यासारखें आहे. यांत धुणें आणि वाळविणें यांस लागणारे दिवस लेप देण्याच्या दिवसापेक्षां किती तरी अधिक असत, ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. ती पुढें उपयोगीं पडेल.

तेलाबरोबर चुनाहि आला. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशांत ‘गलगल’ या हिंदुस्थानी शब्दाची नोंद आहे. चुना व जवसाचें तेल कालवून केलेला, पाणी आंत न शिरूं देणारा लेप, असा तिचा अर्थ. मार्को पोलोनेंहि पूर्वेकडील जहाजांविषयीं लिहितांना चुना, कुटलेला ताग व झाडाचें तेल यांच्या मिश्रणाचा उल्लेख केलेला आहे. चुन्याच्या अशा लेपाचें काम पुन्हां तेंच: नीट मळला व सारखा दाबला तर तो दगडासारखा होतो, कोठें जाड, कोठें पातळ बसला तर सुकतांना तडे जातात, आणि ज्या तड्यांतून पाणी शिरतें ते डोळ्यांना दिसतहि नाहींत.

खाडीच्या पलीकडे मुंबईस या विद्येला राजाश्रय मिळाला. १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या येथील गोदींत सागवानी जहाजें बांधलीं. इंग्लंडच्या आरमारासाठीं १८१० सालीं ‘मिंडेन’ आणि १८१७ सालीं ‘ट्रिंकोमाली’ हीं जहाजें येथून पाण्यांत उतरलीं. त्यांतील ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. सागवानाच्या अंगीं स्वतःचें तेल असतें. बाहेरून फासलेल्या कोणत्याहि तेलाहून तें अधिक टिकतें, कारण तें रेषेरेषेंत मुरलेलें असतें.

याच सुमारास युरोपांत जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा मढविण्याची युक्ति निघाली होती. इंग्लंडच्या आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ या जहाजावर ती प्रथम करून पाहिली. तांब्याला कालवें चिकटत नाहींत, हें खरें. परंतु तांबें हळूहळू झिजतें, आणि लोखंडी खिळ्यांशीं त्याचा संबंध आला कीं खिळे खाल्ले जातात. १८२४ सालीं सर हम्फ्री डेव्ही या थोर रसायनशास्त्रज्ञानें तांब्याचें रक्षण करण्याचा उपाय काढिला. तांब्यास लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले कीं ते तुकडे झिजतात व तांबें शाबूत राहतें. प्रयोग यशस्वी झाला, आणि त्या यशानेंच सारी योजना फसली! तांबें झिजेनासें झालें तेव्हां तळाला पुन्हां कालवें बसूं लागलीं. तांब्याच्या झिजण्यांतच त्याचें काम होतें, हें तेव्हां कळलें. लेपाच्या इतिहासांतील ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. लेप हा स्वतः टिकण्यासाठीं नसतो; खालच्या वस्तूऐवजीं आपण झिजावें, हाच त्याचा धर्म. ज्याला तो कायमचा हवा असतो तो त्याला जाड करूं जातो, आणि तेथेंच फसतो.

आतां समुद्रावरून घरांत येऊं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत लांकडी सामानाला लाखेचें पॉलिश करण्याची रीत पसरली. ती लाख आपल्याच देशांतील कुसुम, पळस, बोर अशा झाडांवरील किड्यांची. चपडी लाख स्पिरिटांत विरघळवून ती लांकडावर चढवितात. येथें कारागीर एक विलक्षण काळजी घेतो. तो पॉलिश लांकडावर ओतीत नाहीं. कापसाचा बोळा मऊ फडक्यांत बांधून त्याची पुरचुंडी करितो, पॉलिश त्या पुरचुंडीला पाजतो, आणि ती हलक्या हातानें, न थांबतां, लांकडावरून फिरवितो. हात थांबला कीं डाग पडतो. पुरचुंडी फार ओली असली कीं फराटा उठतो. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाहींत. मुंबईच्या सुतार-पेठांत पॉलिश करणाऱ्यांच्या हातीं ही पुरचुंडी आजहि दिसते. द्रव वस्तूला न देतां फडक्याला द्यावा, या नियमाचें मूळ आम्हांस तेथें सांपडतें.

मोटार जन्मास आली तेव्हां तिनें घोडागाडीचेंच रंगकाम उचललें. ब्रशानें तेलाचा रंग, त्यावर वॉर्निश, मग वाळविणें, घासणें, पुन्हां वॉर्निश, असे थर देतां देतां एकेका गाडीस आठवडे लागत. कारखान्यांत दर मिनिटास गाड्या जुळूं लागल्या, पण रंग वाळेना! ही अडचण दूर केली ती १९२३-२४ च्या सुमारास. ड्यू पाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्यूको’ नांवाचा झटपट वाळणारा रंग काढिला आणि जनरल मोटर्सनें आपल्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम चढविला. आठवड्यांचें काम तासांवर आलें. आपल्याकडे सुतार मंडळींत फवाऱ्यानें दिलेल्या चकचकीत रंगास ‘ड्यूको’ म्हणण्याचा प्रघात आजहि आहे. तो या इतिहासाचा अवशेष होय.

हा नवा रंग इतका लौकर वाळे कीं ब्रशाची रेघ सपाट होण्याइतकी उसंतच त्यास मिळत नसे. म्हणून त्यास फवाराच हवा होता, आणि फवारा तयारच होता. त्याचा उगम मात्र औषधालयांत! अमेरिकेंतील टोलेडो शहरच्या डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घशांत औषध उडविण्यासाठीं एक फवारा केला होता. त्यांचे पुत्र टॉमस यांनीं १९०७ च्या सुमारास त्यावरूनच रंगाची फवारणी-बंदूक बनविली. आपल्या इकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यामुळें मुंबईस मोटारधंद्याचें घर झालें, आणि शहरांतील गल्लोगल्लीच्या गॅरेजांत फवारणीचा रंगारी हा एक स्वतंत्र कारागीर उदयास आला. त्याचा पहिला धडा कोणता? हात गाडीपासून सारख्या अंतरावर ठेवावा, सारख्या गतीनें न्यावा, आणि एकाच फेरींत रंग भरून काढण्याचा मोह टाळावा. मोह झाला कीं ओघळ आलाच.

रंगावरील रक्षणाचें काम तेव्हां मेणाकडे होतें. त्यांत ब्राझील देशांतील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील कार्नोबा मेण श्रेष्ठ मानीत. त्याच्या जागीं पुढें आलेले कृत्रिम लेप सिलिकोन नांवाच्या द्रव्यकुलांतून निघाले. या कुलाचा अभ्यास नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून केला. पण व्यवहारांत त्याचा फारसा उपयोग होईल अशी आशा त्यांना स्वतःला नव्हती. १९४० सालीं यूजीन रोचो यांनीं तीं द्रव्यें स्वस्तांत करण्याची कृति शोधिली, १९४३ त डाउ कॉर्निंग कंपनी निघाली, आणि किपिंग यांचा अंदाज चुकीचा ठरला. दरम्यान मोटारीचा रंगहि बदलला. १९८० नंतर हळूहळू बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर निराळा पारदर्शक थर देण्याची पद्धत आली. त्यास क्लिअर कोट म्हणतात. हा थर कांचेसारखा असल्यामुळें गाडी आरशासारखी चमकते. पण आरशावरील बोटाचा ठसा जसा लपत नाहीं, तसा या थरावरील फराटाहि लपत नाहीं. आजच्या गृहस्थाला जो डाग दिसतो तो त्याच्या आजोबांच्या गाडीवरहि असेलच. तेव्हांच्या रंगांत तो दिसत नव्हता, इतकेंच.

येथवर आल्यावर फराटा म्हणजे नेमकें काय, हें सांगणें सोपें आहे. बाटलींतील द्रवाचा बहुतेक भाग पाणी किंवा उडून जाणारा द्रव असतो. रक्षक द्रव्य त्यांत थोडें असतें. वाहक द्रव उडाला कीं तें द्रव्य मागें राहतें. पत्र्याला चिकटण्यास त्याचा अतिशय पातळ पापुद्रा पुरतो; मिलिमीटरचा एक सहस्रांश भागहि नको. त्याहून जें अधिक असतें तें पत्र्याला न चिकटतां वर नुसतें पडून राहतें, आणि फडकें त्यास जिकडे ढकलील तिकडे जातें. हेच फराटे. पापुद्र्याची जाडी प्रकाशलहरींच्या मापाजवळ येऊन जागोजाग बदलली कीं पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलांत दिसतात तसे रंग दिसतात. पत्रा तापलेला असेल तर वाहक द्रव फडकें पोंचण्यापूर्वींच उडतो व थेंब जेथल्या तेथें वाळतो. हवा फार दमट असेल तर तो उडतच नाहीं, आणि फडकें ओला लेप नुसता इकडून तिकडे सारीत बसतें.

न्हावा-शेव्यासारख्या ठिकाणीं यांत आणखी एक कारण मिसळतें. बाटलीवरील सूचना लिहिणाराच्या मनांत तें बहुधा आलेलें नसतें. तें कारण म्हणजे मीठ. शुद्ध मिठाचा असा गुण आहे कीं, हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे तें हवेंतलें पाणी ओढून घेतें व स्वतःच त्यांत विरघळतें. समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेंतहि पाणी ओढतात. पावसाळ्यांत बरणींतल्या जाड्या मिठास पाणी सुटतें, हें आमच्या गृहिणींना सांगावयास नको. उरणच्या मिठागरांतील आगऱ्यांना तर मुळींच नको. आतां हेंच मीठ खाडीवरच्या वाऱ्यानें पत्र्यावर बसलेलें, आणि त्यावर बंदराच्या रस्त्यांवरील ट्रेलरांची धूळ. सकाळीं दमट हवेंत त्या थराला पाणी सुटतें. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो, पण तो कोरडा नसतो. त्यावर लेप फवारला तर लेपाखालीं खारें पाणी कोंडतें, दुपारीं तें वाळतें, आणि पांढुरके पट्टे उमटतात. गृहस्थ लेपास दोष देतो; दोष असतो तो न धुतलेल्या मिठाचा.

यावरून रीत आपोआप ठरते, आणि ती होडीवाल्याच्या रीतीहून फारशी निराळी नाहीं. गाडी भरपूर गोड्या पाण्यानें धुवावी. कोरड्या फडक्यानें धूळ पुसण्याची शहरांत जी संवय आहे ती टाकावी. मिठाचे व वाळूचे कण त्यानें पत्र्यावर ओरखडे काढतात. विहिरीचें किंवा टँकरचें जड पाणी पत्र्यावर आपोआप वाळूं देऊं नये. त्यांतील क्षारांचे डाग मागें राहतात. पत्रा स्वच्छ फडक्यानें टिपावा. दारांच्या व दिव्यांच्या फटींत राहिलेलें पाणी ओघळून संपेपर्यंत थांबावें. गाडी सावलींत असावी, आणि पत्रा हातास थंड लागावा. दंव उडून गेल्यानंतरची हिवाळ्यांतील सकाळ या कामास उत्तम. आश्विनाच्या उन्हांतली दुपार आणि श्रावणांतील कोंदट संध्याकाळ, दोन्ही वाईट.

मग एका वेळीं एकच भाग घ्यावा: अर्धें बॉनेट, एक दार, टपाचा एक चतुर्थांश. पॉलिशवाल्याप्रमाणें द्रव फडक्याला द्यावा, पत्र्याला नव्हे. मोठ्या भागावर फवारावयाचाच झाला तर एक-दोन फवारे पुरे. मायक्रोफायबरचीं दोन फडकीं असावीं. पहिल्यानें लेप सारखा पसरावा; आणि तो वाळण्यापूर्वींच दुसऱ्या, अगदीं कोरड्या फडक्यानें, घडी वारंवार उलटीत, जें अधिक आहे तें उचलून घ्यावें. फराटे टळतात ते या दुसऱ्या फडक्यामुळें. तें ओलसर झालें कीं बदलावें; पुष्कळांचें काम शेवटच्या दोन दारांवर बिघडतें, याचें कारण तोंवर फडकें पिऊन तृप्त झालेलें असतें. प्रत्येक भाग तिरप्या प्रकाशांत पाहून मगच पुढें जावें. एवढें करूनहि फराटा राहिला, तर त्यावर आणखी द्रव ओतूं नये. ताज्या फराट्यावरून स्वच्छ पाण्यानें किंचित ओलें केलेलें फडकें फिरवून लगेच कोरडें करावें. दुसरा हात हवा असेल तर पहिला बसण्यास बाटलीवर सांगितलेला अवधि द्यावा, आणि तोंवर गाडी पावसापासून व दंवापासून जपावी.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, मासळीच्या तेलाचा आणि सिलिकोनच्या फवाऱ्याचा संबंध जोडणें ही ओढाताण आहे. एकापासून दुसरा उत्पन्न झाला असें आमचें म्हणणें नाहीं. सिलिकोन प्रयोगशाळेंतून आलें, तेल कोळीवाड्यांतून. त्यांची वंशावळ एक नाहीं. परंतु ज्या निसर्गनियमांशीं दोघांची गांठ पडली ते एकच आहेत. पृष्ठ स्वच्छ नसेल तर लेप धरत नाहीं, ओलें असेल तर टिकत नाहीं, जाड असेल तर सुकत नाहीं. हे नियम किनाऱ्यावरच्या हातांना ग्रंथावांचून ठाऊक होते. आमची खंत ही कीं, त्या हातांचें ज्ञान कोणीं लिहून घेतलें नाहीं, आणि आतां तेंच ज्ञान बाटलीवरील चार ओळींच्या रूपानें, येथील हवेशीं ज्यांचा परिचय नाहीं अशांकडून, आपणांस विकत घ्यावें लागतें.

त्या हातांचें पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. बंदरासाठीं जुनें शेवा हललें. शेवा कोळीवाड्यांतील कुटुंबांस उरणजवळ हनुमान कोळीवाडा या वसाहतींत जागा मिळाली. आणि त्या जागेंतील वाळवीनें घरें पोखरलीं, हें गाऱ्हाणें ते लोक दशकानुदशकें सरकारदरबारीं मांडीत आले. ज्यांनीं समुद्रांतील किड्यापासून लांकूड राखिलें त्यांच्याच घरांचें लांकूड जमिनीवरच्या किड्यानें खावें, यापेक्षां कठोर विपर्यास आम्हांस दुसरा आठवत नाहीं. लेप देण्याची विद्या लेप देणाराच्या घरापर्यंत पोंचली नाहीं.

अधिकपणाचा दुसरा परिणाम पाण्यांत दिसला. १९६० नंतर जहाजांच्या तळांस कथिलयुक्त ट्रायब्युटिलटिन घातलेले रंग देऊं लागले. कालवें बसूं न देण्यांत त्यांची बरोबरी तांब्यासहि करतां येईना. परंतु तें विष पाण्यांत उतरलें. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरांत शेतीसारखीं वाढविलेलीं कालवें विद्रूप होऊं लागलीं, त्यांची पैदास खुंटली. इतरत्र समुद्री गोगलगाईंच्या माद्यांस नराचीं इंद्रियें फुटलीं. फ्रान्सनें १९८२ सालीं लहान नौकांवर अशा रंगांस बंदी घातली. २००१ सालीं त्याविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलांत आला. जहाज राखण्याच्या भरांत समुद्र बिघडविला जात होता, हें उमगावयास बराच काळ लागला.

मोटारीवरचा लेप इतका जहाल नाहीं, हें उघड आहे. तरीहि गाडी धुतलेलें पाणी गटारांत जातें, आणि या किनाऱ्यावरचें गटार खाडीस मिळतें. त्या खाडींत अजून निवट्या आहेत, खेकडे आहेत, आणि त्यांवर पोट भरणारीं माणसें आहेत. त्यांच्या वाट्याची खाडी भरावानें आधींच आखडली आहे. पत्र्याला न लागणारा प्रत्येक जास्तीचा फवारा शेवटीं त्यांच्या पाण्यांत जाणार. तेव्हां लेप पातळ द्यावा हा नियम केवळ चकाकीसाठीं नाहीं, शेजारधर्मासाठींहि आहे.

गेल्या कांहीं दशकांत या किनाऱ्यावर लांकडाच्या होडीची जागा फायबरची होडी घेत चालली आहे. तिच्या अंगावर रेझिनचा गुळगुळीत थर असतो. उन्हानें तो खडूसारखा पांढरा पडूं लागतो, आणि त्याला जपण्यास मेण किंवा कृत्रिम लेपच लागतो, तोच जो मोटारीला लागतो. म्हणजे होडी आणि मोटार आतां एकाच बाटलीपाशीं येऊन पोंचल्या. असो. ज्यांना फराटे नको असतील त्यांनीं नवी बाटली शोधण्यापूर्वीं पाण्याची बादली, दुसरें कोरडें फडकें आणि थोडा धीर जवळ करावा. मासळीचें तेल चोळून जिरविणाऱ्या हातांजवळ याहून अधिक कांहीं नव्हतें, आणि त्यांच्या होड्या चालत होत्या.